चांदी नव्हतो, गंधकही नव्हतो

मी एक खडा बोलतोय. आवळ्याएवढा होतो, वजनाला आठ-नऊ तोळे. आता तेवढाही उरलेलो नाही, पण ते ओघानं येईल.

शिकलेली माणसं हल्ली मूलद्रव्यांची तीन घरं करतात. लोखंड, तांबं, चांदी हे धातू. गंधक, कोळसा हे अधातू. आणि दोघांचेही थोडे थोडे गुण अंगात असलेले ते धातुसदृश. मी या तिसऱ्या घरातला. माझं नाव अँटिमनी. मी जन्मलो तेव्हा मात्र अकोल्यात हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. फरक ओळखणारी एक बाई होती, तिलाही नाव ठाऊक नव्हतं.

अमेरिकेत लढाई चालू होती ते दिवस. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. रस्त्यावर गाड्यांची रांग लागे. ज्याच्याकडे काळी जमीन होती, त्याच्या बैलांच्या शिंगांनाही चांदीच्या टोप्या चढल्या. माणसं भेटली की आधी चांदीबद्दल बोलत, मग तब्येतीबद्दल.

जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, वली नावाचा सुरमेवाला राहत असे. मुंबईहून आलेला काळा, जड दगड तो भाजायचा, गुलाबपाण्यात खलायचा आणि डोळ्यांत घालायचा सुरमा करून विकायचा. त्या दगडात मी होतो, पण सुटा नव्हतो. गंधकानं मला घट्ट धरून ठेवलं होतं.

एके दिवशी दगड भाजताना वलीची लोखंडी सळई भट्टीवरच्या मातीच्या मुशीत तुटली. तुकडा बाहेर काढायचा त्यानं कंटाळा केला आणि जाळ तसाच चालू ठेवला. गंधकाला माझ्यापेक्षा लोखंड जास्त आवडलं. त्यानं मला सोडलं आणि लोखंडाला धरलं. मी मोकळा होऊन तळाशी बसलो. दुसऱ्या दिवशी वलीनं गार झालेली मूस फोडली, तर वर काळी मळी आणि खाली मी. पांढरा, लखलखीत. माझ्या तोंडावर नेच्याच्या पानांसारखी नक्षी उमटली होती आणि ती मधोमध येऊन तारा झाली होती.

वली बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं बायकोला हाक मारली.

"रजिया, इकडे ये. अल्लानं चांदी देली!"

रजियाबीनं मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "सोनाराच्या माणिकबाईले दाखोल्याशिवाय कोणाले बोलू नोका," ती म्हणाली.

पण वलीला राहवलं नाही, तो दोघांना बोलून बसला. दुपारपर्यंत गल्लीभर झालं, की वली सुरम्याची चांदी करतो. संध्याकाळच्या आत ही बातमी कापसाच्या बाजारात पोचली.

तिथं पातूरकडचे खुशालराव आपल्या गाड्या रिकाम्या करून बसले होते. शंभर एकरांचे मालक, बोलायला मोठे, मनानं वाईट नव्हते. ते थेट वलीच्या दारात आले. मला बघून त्यांचा चेहरा बदलला. वासरू पाहायला आलेल्या माणसाला अचानक गाय दिसावी, तसा.

"वलीभाई, एक बैलजोडी देतो. हा खडा दे आन् कृती सांग."

वलीनं नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. दगड खलून खलून त्याचा उजवा खांदा कायमचा दुखत असे. बैलजोडी म्हणजे भाड्यानं गाडी चालवता आली असती, खल सुटला असता. "परवा या," तो म्हणाला.

सकाळी रजियाबी त्याला घेऊन माणिकबाईकडे गेली. माणिकबाई सोनाराची विधवा. नवरा गेल्यावर ऐरण, भाता आणि गिऱ्हाइकं तिनंच सांभाळली होती. तिनं मला कानाशी धरून नखानं टिचकी मारली. मग कडेला ठेवून दिलं आणि डब्यातून चांदीचा मणी आणि गंधकाचा तुकडा काढला.

"हे पाय," ती म्हणाली आणि मण्यावर हातोडी मारली. मणी पसरला. आणखी मारली, आणखी पसरला, पानासारखा पातळ झाला तरी फाटला नाही. "चांदी मार खाते, पन तुटत नाई."

गंधकावर एकच घाव घातला. पिवळी भुकटी झाली.

"आता तुह्या खड्याचा एक कोपरा घेतो. चालते का?"

वलीनं मान हलवली. हातोडी पडली आणि माझा कोपरा फुटला. तिन्ही डोकी खाली वाकली. माझे कण गंधकासारखे विखुरले होते, पण प्रत्येक कण चांदीसारखा चमकत होता.

माणिकबाईचाही हात क्षणभर थांबला. मग तिनं चिमट्यात धरून मला एका बाजूनं तापवलं आणि दुसऱ्या बाजूला बोट लावलं. चांदी असती तर बोट लगेच पोळलं असतं. माझ्यातून ऊब सावकाश आली. गंधकातून मात्र तेवढीही आली नसती.

"हे चांदी नाई, वलीभाई. गंधकबी नाई. चांदीचं रूप घेतलं आन् गंधकाचा सोभाव घेतला. दागिन्यात याले घालू नोका."

रजियाबीनं माझे कण पदरात गोळा केले.

मला त्या वेळी वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. माणसांनी मला चांदी म्हटलं होतं. मी स्वतःला काही म्हटलं नव्हतं.

ठरल्या दिवशी खुशालराव आले. वलीनं माणिकबाईनं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. कोपरा फुटला तेही दाखवलं. खोटं बोलून बैलजोडी घेता आली असती. त्यानं घेतली नाही.

आणि नेमकं तेच खुशालरावांना पटलं नाही.

"तू लपवून राहिला माह्यापासून. चांदी नसती त जपून काहून ठेवला असता?"

"घ्या मंग! पन हे चांदी नाई, तीनदा सांगून राहिलो."

खुशालरावांनी मला उचललं, बैलजोडीऐवजी गाडीमागं आणलेली एक तांबडी कालवड दाराशी बांधली आणि गाडी हाकली. रजियाबी दारात उभी होती. "कालवड परत पोचवून या," ती वलीला म्हणाली. "नाई त उद्या म्हनतील, वलीनं इकलं." वली कालवडीची दोरी धरून पातूरच्या वाटेला लागला. पायी दोन दिवस लागले.

तेवढ्यात पातुरात जे व्हायचं ते झालं. खुशालरावांच्या मनात आलं, की खऱ्या चांदीत मला वितळवलं तर तिच्या संगतीनं माझीही चांदी होईल. घरात चांदी होती ती त्यांच्या बायकोची, तानुबाईची. तिच्या आईनं दिलेले चाळीस तोळ्यांचे पायातले तोडे. तानुबाई शेतावर गेली होती. तिला न विचारता त्यांनी ते पेटीतून काढले आणि लोहाराच्या भट्टीत माझ्यासोबत वितळवले.

चांदीनं मला सहज आत घेतलं. वरून पाहणाऱ्याला वजन वाढलेलं आणि रंग तोच दिसला. आत मात्र मी जिथं जिथं पोचलो, तिथं चांदीचे कण एकमेकांना धरेनात. लोहारानं साच्यात ओतून नवे तोडे केले. खुशालरावांनी ते हौसेनं बायकोपुढं ठेवले. "पाय, जड झाले का नाई?"

पायात घालायला तानुबाईनं तोडा थोडा फाकवला आणि तो कट्‌कन तुटला. दुसराही तुटला.

वली कालवड घेऊन वाड्यात शिरला तेव्हा ती चारही तुकडे मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती.

"यानं जादू केली!" खुशालराव ओरडले. शेजारीपाजारी जमले. दोघं-चौघं वलीच्या अंगावर गेले. वली जागचा हलला नाही. त्याच्या पायांना फोड आले होते.

"मालक, मी काय सांगतलं होतं ते इथं सांगा," एवढंच तो म्हणाला.

तानुबाई नवऱ्याकडे बघत होती.

"काय सांगतलं होतं यानं?" तिनं विचारलं.

"चांदी नाई म्हने."

"तरीबी घातले? मले न इचारता?" ती उठली. तुकडे तिनं ओटीत बांधले. "गाडी जुपा. चांदी ओळखते त्या बाईकडे जाऊ."

असे तिघं एकाच गाडीत अकोल्याला आले.

माणिकबाईनं तुकडे पाहिले आणि तानुबाईला पाट दिला. "निंगून जाईल हे. आगीत चांदी उडत नाई, हे उडते. तोंडावर पदर घ्या, धूर चांगला नाई." हाडांच्या राखेची वाटी करून तिनं त्यात तुकडे घातले, थोडं शिसं टाकलं आणि भाता धरला. रस लाल झाला. वाऱ्याचा झोत लागला तसा मी चांदीतून सुटू लागलो, पांढरा धूर होऊन. शिसं राखेत जिरलं. शेवटी वाटीत एक शांत, चकचकीत गोळा उरला. माणिकबाईनं तो निववून ठोकला. तो पसरला. दुमडला, उलगडला, तुटला नाही.

"मंग ते होतं तरी काय?" खुशालरावांनी विचारलं.

"नाव मले ठाऊक नाई. दोन्हीकडचं हाये. त्याले एकीकडचं धरलं की नुसकान होते."

खुशालराव वलीसमोर उभे राहिले. "चुकलो, वलीभाई." वलीनं मान हलवली.

"तोडे परत घडवून देऊ?" माणिकबाईनं तानुबाईला विचारलं.

तानुबाईनं चांदी हातात घेतली, वजन पाहिलं, आणि परत माणिकबाईच्या हातात ठेवली.

"नोका घडवू. असीच ठेवा, तुमच्यापाशी. मी सोता मांगीन तवाच द्या. दुसरं कोनी आलं त नाई म्हना."

खुशालराव तिथंच होते. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि बाहेर जाऊन बैलांजवळ उभे राहिले.

मी धूर होऊन वर गेलो आणि भट्टीमागच्या भिंतीवर पांढरी भुकटी होऊन बसलो. आता माझ्यावर चमक नाही, तारा नाही. त्या भिंतीला पुढे कित्येकदा पोतेरं फिरलं, मग भिंतही पडली, आणि मी मोर्णेकाठच्या मातीत मिसळलो. कधी त्या मातीत पांढरट काही दिसलं तर हात लावू नका, चाखू तर मुळीच नका. मला पुन्हा कोणाच्या दागिन्यात जायची हौस नाही. इथं बरा आहे.