एकोणीसपर्यंत चालतं

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला धाकटीने चहाचा कप तोंडाला लावला, स्क्रीनवरची तांबडी ओळ वाचली आणि घोट न घेताच कप खाली ठेवला. शनिवारी संध्याकाळी लावलेली लांब चाचणी एकोणचाळिसाव्या तासाला फसली होती. एका फाइलचा शेवटचा तुकडा गायब होता आणि त्याच्या जागी नुसती शून्यं होती.

धाकटीचं काम काय, हे तिच्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही, तेव्हा सोपं करून सांगायला हवं. कॉम्प्युटरचा कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणारा गाभा, हा घरमालक. डिस्कवर फाइली कुठे, कशा ठेवायच्या ते बघणारं धाकटीचं मॉड्यूल हा त्याचा भाडेकरू. मालकाला स्वस्थ बसवत नाही. दर दोन महिन्यांनी तो पुढच्या आकड्याचा नवा अवतार घेतो आणि जाता जाता दोन-चार दारं इकडची तिकडे करतो. घरच्यांना विचारतो, भाडेकरूने मात्र आपलं आपण बघून घ्यायचं. गेली नऊ वर्षं धाकटी एकटीच ते बघत होती. तिच्या मॉड्यूलमध्ये एका छोट्याशा फाइलीत एक आकडा होता: कुठल्या कर्नलपर्यंत हे चालतं, तो. लोक तो आकडा वाचत आणि डोळे मिटून आपला डेटा तिच्या हवाली करत.

शुक्रवारी तिने तो अठराचा एकोणीस केला होता. लांब चाचणी न करता.

कारणं होती, कारणांना काय तोटा. कोड कुरकुर न करता तयार झाला होता. छोटी चाचणी पास झाली होती. बावीस जणांनी ‘अजून किती दिवस?’ म्हणून तिचं डोकं खाल्लं होतं. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे ताई. ताई चार गल्ल्या पलीकडच्या प्रयोगशाळेत डॉक्टर. माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे काचेवर घेऊन त्यात रोग आहे की नाही ते सांगणारी. तिथल्या फाइली धाकटीचंच मॉड्यूल सांभाळायचं. आता तिथे काचांचे फोटो काढणारं नवं मशीन आलं होतं, ते नव्या कर्नलवरच चालायचं, आणि दोन आठवडे कापडाखाली पडून होतं. ताई म्हणाली होती, “तू एकदा हो म्हण, बाकी मी काही विचारत नाही.” धाकटीने हो म्हटलं. लांब चाचणी काय, शनिवार-रविवारात होईलच, अशी मनाची समजूत घातली. हुशार माणसं या कामात भारी पटाईत असतात.

तिने नव्या कर्नलचा कोड उघडला आणि पाच मिनिटांत तिच्या तोंडचं पाणी पळालं. कर्नलकडे लिहायला मजकूर द्यायचा तो मार्ग तोच होता, नाव तेच, मागण्या त्याच. फक्त उत्तराचा अर्थ बदलला होता. पूर्वी कर्नल ‘लिहिलं’ असं कळवायचा, आता ‘घेतलं’ एवढंच कळवत होता, लिहिणं सवडीने. तिचं मॉड्यूल मात्र ते ऐकून निर्धास्त व्हायचं आणि जवळची प्रत टाकून द्यायचं. मशीन निवांत असताना सगळं ठीक. कामाची गर्दी झाली की शेवटचा तुकडा वाटेतच हरवायचा, आणि कुणी हूं की चूं करायचं नाही.

तिने आधी आकडा खाली आणला. मग सगळ्यांना दिसेल अशी सूचना लिहिली: ‘एकोणीसवर हे वापरू नका. डेटा जातो. चूक माझी.’ तोवर चारशे बारा जणांनी ते उतरवून घेतलं होतं. त्यातल्या एकीलाच ती ओळखत होती.

ताईचा फोन वाजून वाजून बंद झाला. प्रयोगशाळेत फोन कुलपात ठेवावे लागत. धाकटी चपला सरकवून निघाली. हार्डवेअरच्या दुकानासमोर शिड्या उतरवत होते, त्यांना वळसा घालण्याऐवजी ती रस्त्यातच उतरली. एका स्कूटरवाल्याने तिची आई-बहीण काढली. तिला ऐकू आलं नाही. फोटो काढल्यावर काचा ठेवतात की फेकून देतात, हे आपण इतक्या वर्षांत ताईला कधी विचारलंच नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

ताई दोन स्क्रीनसमोर मजेत बसली होती.

“ताई, नव्या मशीनवरून रिपोर्ट द्यायला लागलीस?”

“शनिवारपासूनच. सतरा झाले. काय सुरेख चाललंय गं ते.” मग तिने बहिणीचं तोंड बघितलं. “काय झालं?”

“फाइलचा शेवटचा तुकडा जातोय. सगळ्यांचा नाही. काही काही.”

“मग फोटो उघडणारच नाही की. कळेल लगेच.”

“तुकडा नसेल तर तुमचा प्रोग्रॅम काय दाखवतो?”

ताईचा हात माउसवर तसाच राहिला. “तेवढी काच रिकामी,” ती म्हणाली.

रिकामी काच म्हणजे तिथे काहीच नाही. काही नाही म्हणजे रोग नाही.

“काचा आहेत ना? फेकल्या नाहीस ना?”

“काचा कशाला फेकू? आहेत ड्रॉवरमध्ये.”

एवढ्याने तिला रडूच आलं, पण ते आवरून ती खुर्चीत बसली आणि एकेक फाइल तपासली. सतरांपैकी पाचांच्या शेपटाला शून्यं होती. ताईने त्या पाच काचा काढल्या, खिडकीजवळच्या जुन्या सूक्ष्मदर्शकावरचं कापड बाजूला केलं आणि पहिली काच खाली सरकवली. धाकटी तिच्या मागे जीव मुठीत धरून उभी होती. पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसरीही ठीक. चौथ्या काचेवर ताई फार वेळ थांबली. काच पुढे सरकवली, पुन्हा मागे आणली.

“काय आहे?”

“गप्प बस जरा.”

तिने पाचवी बघितली, बाजूला ठेवली आणि पुन्हा चौथी लावली. मग डोळे पुसले.

“शाळेत चित्रकला शिकवते ही,” ती म्हणाली. “चौतीस वर्षांची आहे. शनिवारी मी हिला काही नाही म्हणून कळवलं. फोनवर रडली गं आनंदाने.”

ताईने काउंटरवरून फोन मागवला आणि नंबर लावला. धाकटीला तिकडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मागे पोरांचा गलका चालला होता. ताई म्हणाली, “शनिवारी मी तुम्हाला सांगितलं ते बरोबर नव्हतं. काच पुन्हा बघितली. तुम्हाला यावं लागेल.” ती बाई हळूच म्हणाली, “शाळा सुटल्यावर आले तर चालेल का? वर्ग मध्येच सोडता येत नाही मला.”

“आत्ता या,” ताई म्हणाली.

ताईने फोन ठेवला. “त्या आल्या की मी सांगते,” धाकटी म्हणाली.

“काय सांगणार? कर्नल?”

“न तपासता हो म्हटलं, ते.”

ताई पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसली. धाकटी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. दार उघडलं की ती उठून उभी राहायची, आणि आत येणारी बाई वयस्कर निघाली की, लाज वाटत असूनही, तिला सुटल्यासारखं वाटायचं.