फरशीखालची लाईन

सारजाबाईनं बादली अशी आपटली की शेजारच्या बन्सीच्या हातातला चहा सांडला. बादलीत होतं तरी काय? तळाला चार तांबे पाणी, तेही विटकरी रंगाचं. आठ दिवसांनी नळ आला, पाऊण तास राहिला आणि तिच्या वाट्याला एवढं आलं.

"ह्याला पाणी म्हणायचं का रे, बन्सी? ह्यात पांढरा कपडा बुडवला तर तांबडा होऊन निघंल!"

बन्सीनं सांडलेला चहा गुपचूप पुसला. सारजाबाई भडकली की मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत कुणीच काही बोलत नसे. बोललं तर तिचं भडकणं दुप्पट होई, आणि न बोललं तरी कमी होत नसे.

लाईन तिच्या सासऱ्यांच्या काळातली होती. रस्त्यापासून घरापर्यंत एक इंची, जस्त चढवलेला लोखंडी पाईप. पुढं दोघा भावांची वाटणी झाली. पुढचं घर धाकट्या तात्यासाहेबांना आलं आणि मागचं थोरल्या नानासाहेबांना, म्हणजे सारजाबाईच्या मालकांना. लाईन मात्र एकच राहिली. ती पुढच्या घराच्या अंगणाखालून, म्हणजे आता पोर्च आहे त्याच्या खालून, मागच्या घरात यायची. सुरुवातीला पाणी बरं यायचं. मग नऊ वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात ते एकदम आटलं, ते आटलंच.

"लाईन जुनी हाय, वहिनी," तात्यासाहेब तेव्हा म्हणाले होते. "गंज धरलाय. गंजाला कोण काय करणार?"

नानासाहेब भोळे. त्यांना धाकट्या भावाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. ते सायकलला दोन कॅन बांधायचे आणि स्टेशनापलीकडच्या बोअरवरून पाणी आणायचे. सारजाबाई तणतणली की म्हणायचे, "अगं, गंजाला कोण काय करणार?" सात वर्षं त्या माणसानं कॅन वाहिले. दोन उन्हाळ्यांपूर्वी रुळाजवळच्या उतारावर कॅनसकट पडले आणि कंबरेचं हाड मोडून बसले. अंथरूण धरलं, ते पुन्हा उठले नाहीत. शेवटच्या आठवड्यातसुद्धा विचारत होते, "आज नळाची पाळी ना? आलं का काही?"

म्हणून सारजाबाईला ती लाईन बदलायची होती. बाकी काही नको होतं. आपल्या घरात आपल्या नळाला स्वच्छ पाणी यावं, एवढंच. पण लाईन बदलायची तर पोर्च खोदायला लागणार होता. पोर्चवर तात्यासाहेबांनी गेल्या वर्षी पोराच्या लग्नात राजस्थानातून आणलेली फरशी बसवली होती, पाय ठेवला तर तोंड दिसावं अशी.

"फरशीला टाचणी लावू देणार नाय," तात्यासाहेबांनी सांगून टाकलं. "तुम्हाला काय करायचं ते खोदल्याबिगर करा."

"खोदल्याबिगर पाईप कसा बदलायचा? मंत्र म्हणून?"

"ते तुम्ही बघा, वहिनी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण या वेळी बन्सीनं तोंड उघडलं. मोठमोठ्या बिल्डिंगांतले गंजलेले पाईप न खोदता आतून नवे करणारा एक माणूस त्याच्या ओळखीचा होता. केरबा त्याचं नाव. गंगापूरकडचा धनगर, बाप अजून मेंढ्यांमागं फिरतोय, आणि हा वाळूजच्या कारखान्यात शिकून आता स्वतःचं सामान घेऊन काम करतो.

केरबा आला. तीस-बत्तीसचा, कमी बोलणारा. त्यानं सारजाबाईला ओट्यावर बसून समजावलं. आधी कॉम्प्रेसरनं पाईपात हवा मारायची. हवेबरोबर बारीक वाळू सोडायची, ती आतला गंज खरवडून काढते. मग पाईप कोरडा करायचा आणि दोन औषधं कालवून केलेला घट्ट लेप आत ओतून हवेनं पुढं ढकलायचा. लेप आतून चारी अंगानं चिकटतो. एक दिवस सुकू द्यायचा, की जुन्या पाईपाच्या पोटात नवा पाईप तयार.

"म्हणजे कणगी आतून सारवतात तसं," सारजाबाई म्हणाली.

"अगदी तसंच, मावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोन्ही घरच्या माणसांना पोर्चमध्ये बोलावलं. तात्यासाहेब आले, त्यांची बायको भागूबाई आली. गल्लीतली चार माणसं बघायला आली, त्यात बन्सी होताच.

"एक गोष्ट नीट ऐका," केरबा म्हणाला. "ह्या लाईनीवर जेवढे नळ, जेवढे फाटे असतील तेवढे मला दाखवा. लेप चालू असताना फाट्या-फाट्यातून हवा जाती राहिली पाहिजे. जो फाटा बंद, तो लेपानं बुजणार. मंग त्याला वरून खोदल्याबिगर इलाज नाय."

"आमचा एकच नळ," तात्यासाहेब म्हणाले. "मोरीतला."

भागूबाईनं नवऱ्याकडं बघितलं आणि पदर सावरत आत निघून गेली. सारजाबाईला ते दिसलं, पण तेव्हा तिनं मनावर घेतलं नाही. तिचा सगळा जीव त्या कॉम्प्रेसरात अडकला होता.

कॉम्प्रेसर धडधडायला लागला. मोरीतल्या नळातून आणि मागं सारजाबाईच्या नळातून गंजाचा तांबडा फुफाटा उडाला. सारजाबाई त्या फुफाट्याकडं बघून म्हणाली, "निघ मेल्या, निघ! माझा मालक खाल्लास तू!" तासाभरानं फुफाटा संपला. केरबानं लाईन किती हवा धरते ते बघायला दोन्ही नळ बंद केले आणि कॉम्प्रेसरच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवली. काटा भराभर खाली आला.

"हवा कुठंतरी जातीय," तो म्हणाला.

तेवढ्यात पोर्चच्या कोपऱ्यातून आवाज आला. बुडबुड, बुडबुड. तिथं क्रोटनची एक मोठी कुंडी होती, आणि कुंडीखालचं लोखंडी झाकण चक्क थडथडत होतं.

"तिथं काय हाय?" केरबानं विचारलं.

"ते व्हय?" तात्यासाहेब जरा घाईनंच म्हणाले. "मैल्याची टाकी हाय. जुनी. गॅस होतो तिच्यात. झाकण उघडू नका, वास येईल."

बन्सीनं लगेच नाकाला रुमाल लावला. केरबानं कॉम्प्रेसर थांबवला आणि चहा प्यायला मागं आला. पंधरा मिनिटांनी परत जाऊन त्यानं हवा भरली, तर काटा जागच्या जागी! सुईभर हलेना. कुंडी मात्र हातभर सरकलेली होती, आणि तात्यासाहेब पायजम्याला लागलेली माती झटकत होते.

केरबा अडाणी नव्हता. त्यानं गाडीतून बोटभर जाडीचा कॅमेरा काढला. लांब वायरीच्या टोकाला तो बसवलेला होता. सारजाबाईच्या बाजूनं त्यानं तो पाईपात सरकवला आणि मोबाईल तिच्यासमोर धरला. खरवडून निघालेलं लोखंड दिसत होतं. वायर पुढं गेली. पोर्चखाली आल्यावर पाईपाच्या डाव्या अंगाला एक भोक दिसलं. चांगलं बोट जाईल एवढं.

"गंजाचं हाय का रे हे?"

"गंजाचं भोक वेडंवाकडं असतं, मावशी. हे बघा कसं गोल हाय. कडेला पितळेची रिंग हाय. हे मशीननं पाडलंय. फाटा काढलाय हितून, त्या झाकणाकडं. ती मैल्याची टाकी नाय. पाण्याचा हौद हाय. मघाशी त्याचा कॉक उघडा होता, आता कुणीतरी बंद केलाय."

सारजाबाईच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. पोर्च कधी झाला? नऊ वर्षांपूर्वी. पाणी कधी आटलं? नऊ वर्षांपूर्वी. त्याच उन्हाळ्यात, त्याच महिन्यात! आणि ती बावळट, रोज त्या पोर्चवरून येत-जात गंजाला शिव्या देत होती. तिला नानासाहेबांची सायकल आठवली, हँडलला बांधलेल्या सुतळ्या आठवल्या. इकडं सख्खा भाऊ पाय पसरून हौद भरत होता, वरच्या टाकीत मोटर लावून पाणी चढवत होता, रविवारी गाडी धूत होता. आणि तोच माणूस मयताला सगळ्यात मोठ्यानं रडला होता. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन ती कुंडी उचलावी आणि त्याच्या डोक्यात घालावी.

"सांगू का त्यांना?" केरबानं हळूच विचारलं. "लेप ओतायच्या आधी कॉक उघडला तर फाटा वाचंल. एकदा ओतला की गेला."

"मीच इचारते," ती म्हणाली.

ती पोर्चमध्ये गेली. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढलेला नाही हे बघूनच बन्सी दोन पावलं मागं सरला.

"भावजी, तो पोरगा आता लेप ओततोय. शेवटचं इचारते. तुमचा नळ किती?"

"एकच. किती वेळा सांगू?"

"बघा हां. राहिलेलं बुजणार म्हणतोय. काही असंल तर आत्ता सांगा. मी काही म्हणणार नाय."

तिनं खरंच काही म्हटलं नसतं की काय, ते तिचं तिलाच ठाऊक. पण त्या घडीला तिनं ते मनापासून म्हटलं होतं. तात्यासाहेबांनी एकदा कुंडीकडं पाहिलं, एकदा जमलेल्या माणसांकडं पाहिलं. मग छातीवर हात ठेवला.

"वहिनी, गेलेल्या नानाची आण घेऊन सांगतो. एकच."

संपलं. सारजाबाई मागं फिरली. तिचं तोंड असं झालं होतं की केरबा उठूनच उभा राहिला.

"ओत," ती म्हणाली.

"मावशी, पण तो फाटा..."

"कुठला फाटा? सख्ख्या दिरानं मेलेल्या भावाची आण घेऊन सांगितलंय, एकच नळ हाय. त्याचा शब्द खोटा पाडणारे आपण कोण? ओत तू!"

केरबानं लेप ओतला.

पाच दिवसांनी नळाची पाळी आली. सारजाबाईनं नळाखाली बादली लावली आणि चावी फिरवली. धार अशी आली की बादली हलली. नितळ पाणी, तळाची नक्षी दिसावी असं. बादल्या भरल्या, पिंप भरलं, मोरीतला रांजण भरला, पातेली-कळश्या भरल्या, आणि पाणी अजून चालूच. बन्सी कौतुकानं म्हणाला, "काकू, आता तरी हसा!"

"हसू? कशाला हसू?" ती त्याच्यावर उखडली आणि उखडता उखडता रडायला लागली. "एवढंच होतं का रे? एवढं आमचं पाणी हितंच होतं, दहा पावलांवर! आणि माझा माणूस ते सायकलवर शोधत फिरला!"

दुपारी तात्यासाहेब कंपाऊंडच्या भिंतीशी आले.

"वहिनी, आमच्याकडं पाणी लई कमी पडतंय."

"मोरीतला नळ येत नाय का?"

"तो येतोय. चांगला येतोय."

"मग? एकच तर हाय."

तात्यासाहेब भिंतीचा पोपडा नखानं काढायला लागले. "लाईनीत काही बिघाड..."

"लाईन जुनी हाय, भावजी. गंजाला कोण काय करणार?"

ते गोरेमोरे झाले आणि निघून गेले. संध्याकाळी भागूबाई हंडा घेऊन आली. भिंतीपलीकडं मान खाली घालून उभी राहिली. सारजाबाईनं हंडा भरून दिला. जावेला ती पाण्याला नाही म्हणणार नव्हती, पण तिच्याशी एक शब्दही बोलली नाही. भागूबाईचे डोळे भरले तरी नाही.

वरची टाकी कोरडी, नवी सून माहेरी निघून गेलेली, मोरीतल्या एका नळावर बादल्यांनी सगळं घर चालवायचं. दुसरी पाळीही तशीच गेली. त्यानंतरच्या शुक्रवारी, भर दुपारी, गल्ली जेवून लवंडलेली असताना पहारीचा आवाज आला. दगडावर लोखंड. ठण्ण. ठण्ण.

गल्लीतली दारं उघडली. तात्यासाहेबांनी मिस्त्री बोलावला नव्हता. मिस्त्री बोलावला असता तर चार ठिकाणी बोलला असता. बनियनवर, घामाघूम, ते स्वतःच राजस्थानची फरशी फोडत होते. माणसं जमलेली बघून त्यांनी हात थांबवला, पण आता थांबून काय उपयोग? खड्डा झाला होता. खड्ड्यात सासऱ्यांच्या वेळची काळी लाईन दिसत होती, आणि तिच्या अंगातून निघालेला निळा प्लास्टिकचा पाईप, सरळ त्या कुंडीखालच्या झाकणाकडं गेलेला.

बन्सीनं वाकून बघितलं. "मैल्याच्या टाकीला नळ कशाला, काका?"

"ते... जुनं हाय. गंजून गेलं होतं म्हणून..."

"प्लास्टिक गंजतं व्हय?" कुणीतरी मागून म्हणालं.

सारजाबाई तेव्हा तिथं नव्हती. ती आली, तेव्हा तिच्या एका हातात खुर्ची होती आणि दुसऱ्या हातात भिंतीवरून उतरवलेला नानासाहेबांचा फोटो. तिनं खुर्ची खड्ड्याच्या काठावर ठेवली. पदरानं काच पुसली आणि फोटो खुर्चीवर नीट टेकवला, खड्ड्याकडं तोंड करून.

"ह्यांची आण घेतली होती तुम्ही," ती म्हणाली. "मंग ह्यांना बी बघू द्या."

तात्यासाहेबांनी फोटोकडं बघितलं नाही. पहार त्यांच्या हातातून निसटून फरशीवर पडली. भागूबाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून रडत होती.

"वहिनी, चुकलं माझं."

"मला नका सांगू. त्यांना सांगा. सात वर्षं तुमच्या शब्दावर कॅन वाहिले त्यांनी."

सारजाबाई खुर्चीशेजारी, तुटलेल्या फरशीवरच मांडी घालून बसली.

"पहार उचला," ती म्हणाली. "तो निळा पाईप मुळासकट बाहेर काढा. आम्ही दोघं हितंच बसलोय. आणि जपून मारा, खाली आमची लाईन हाय."