दोन कुलपं आणि एक जाजम

मी एक जुनं जाजम आहे. लाल-निळ्या पट्ट्यांचं, कडेला विरलेलं. मित्रांनो, गडमुडशिंगीच्या वाटेवर एक छोटं चर्च आहे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मी राहतो.

मागावरून उतरलो तेव्हा माझा रंग डोळ्यांत भरायचा. चर्चच्या बायकांनी मंगळवार पेठेतून मला पसंत करून आणलं. दर रविवारी माणसं माझ्यावर मांडीला मांडी लावून बसायची. गाणी म्हणायची, आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची, तिथंच एकत्र जेवायची. मला झटकायच्या धोंडुबाई. "ह्याच्यावाणी जाजम अख्ख्या कोल्हापुरात न्हाय की!" असं ज्याला-त्याला सांगायच्या. पुढं चर्चमध्ये बाकं आली आणि मला गुंडाळून या खोलीत टाकलं.

त्यानंतर मंडळीत भांडण शिरलं. चर्चचा कारभार पाहणारी कमिटी कुणाची, यावरून धोंडुबाईंचा मुलगा सयाजी आणि मंडळीतलाच धैर्यशील यांचं बिनसलं. दोन तट पडले. दोघांनी चर्चच्या दाराला आपापलं कुलूप ठोकलं.

अशातच धोंडुबाई गेल्या.

त्यांची शवपेटी चर्चच्या अंगणात आणली. सयाजीनं आपलं कुलूप काढलं. धैर्यशील मात्र दारात आडवा उभा राहिला.

"आईला आत न्यायचं हाय. काढ कुलूप," सयाजी म्हणाला.

"आधी समद्यांम्होरं बोल, चर्च आमच्या कमिटीचं हाय."

"मढ्याम्होरं सौदा करतोस व्हय रं?"

सयाजीनं पहार उचलली. धैर्यशीलची माणसं पुढं सरकली. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मधे पडले, तर त्यांनाच कुणीतरी ढकललं. पत्र्याच्या फटीतून मी सारं पाहत होतो. आता डोकी फुटणार, या भीतीनं माझा धागा न् धागा ताठला होता.

तेवढ्यात खोलीचं दार करकरलं. धैर्यशीलची बायको ललिता आत आली. तिनं मला खांद्यावर टाकलं, अंगणात आणलं आणि पेटीशेजारी अंथरलं.

"अगं, काय चालवलंयस?" धैर्यशील ओरडला.

"चर्च उघडतीया," ती म्हणाली. "बायबलात चर्चला मंडळी म्हणलंय. मंडळी म्हंजे मानसं. भिंतीला घाला की कुलूप, मानसांस्नी कुठलं घालतासा?"

ती एकटीच बसली. बाकी कुणी हललं नाही. सयाजीच्या हातात पहार तशीच होती.

मग पाळकसाहेब बसले. ते म्हणाले, "आपण एका शरीराचे अवयव आहोत. एक दुखला की सगळे दुखतात. आज कुणाकुणाला दुखतंय?"

एक म्हातारी बसली. मग तिची सून. मग दोन्ही तटांतली माणसं एकेक करून येऊ लागली. सयाजीनं पहार टाकली आणि माझ्यावर कोसळून हुंदके देऊ लागला. प्रार्थना सुरू झाली.

ती अर्ध्यावर आली तेव्हा धैर्यशीलनं चपला काढल्या. तो माझ्या काठाशी येऊन घुटमळला. सयाजीनं मान वर केली नाही. फक्त थोडं सरकून त्यानं शेजारी जागा केली.

मित्रांनो, कमिटीचा वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही कुलपं निघाली आहेत. मला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, एवढंच मागतो. आणि माझ्यावर जागा अपुरी पडली, तर खुशाल मातीत बसा. पण कुणाला कडेला उभं ठेवू नका.