दिवा जरा मागे

आमची लेक फोटो काढते आणि घरीच छापते. तिचं कौतुक करताना मी हात आखडता घेत नाही, आधीच सांगून ठेवते. माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या बायकांचे चेहरे तिने टिपले आणि शहरातल्या कलादालनाने तिला चक्क एक भिंत दिली. पहिलंच प्रदर्शन.

फोटो दाखवायला गेली ती तोंड पाडून परत आली. घरी झकास दिसणारे चेहरे तिथे काळवंडले होते, वर गाल नको तितके गुलाबी. शुक्रवारपर्यंत नीट करून आणले नाहीत, तर भिंत दुसऱ्याला जाणार होती.

"प्रिंटर बिघडलाय," ह्यांनी निदान केलं.

"प्रिंटर नाही बाबा, तुमचा दिवा."

ह्यांनी हौसेने सगळ्यात प्रखर दिवा आणून तिच्या टेबलावर, अगदी फोटोच्या नाकाशी लावला होता. त्या झगझगाटात प्रत्येक फोटो फिका वाटायचा, म्हणून ती गडद छापत गेली.

"आणि आई, तुझे पडदे. खोलीभर हिरवी झाक येते. ती घालवायला मी गुलाबी वाढवत बसले."

माझे पोपटी पडदे, स्वतः शिवलेले. मी फणकारले, "फोड आता पडद्यांवर खापर."

ती भांडली नाही. पडदे काढून माझ्या हातात दिले, खिडकीला पांढरी चादर लावली. मग कोरा कागद घेऊन दालनात गेली, तो तिथल्या भिंतीला लावून त्याच्यावर किती उजेड पडतो ते कॅमेऱ्याने मोजून आली. घरी तोच कागद उभा केला आणि दालनात होता तसलाच दिवा ह्यांच्या हातात दिला.

"बाबा, जरा मागे. अजून."

हे सरकत सरकत दारापर्यंत गेले. कॅमेऱ्यात दालनाइतकाच आकडा आला तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

मला तो उजेड मिळमिळीतच वाटला. पण तिने त्यात जुना फोटो धरला आणि तो काळवंडलेला, गुलाबी चेहरा मलाही दिसला. मी पोपटी पडद्यांची घडी घालून ते कपाटात ठेवले. तिने सगळे फोटो नव्याने छापले.

शुक्रवारी दालनाचे व्यवस्थापक शिडीवर चढून प्रत्येकाच्या फोटोंवरचे दिवे फिरवत होते. लेकीच्या भिंतीपाशी थांबले, बराच वेळ पाहत राहिले. "इथे हात लावायला नको," म्हणाले आणि शिडी पुढे घेऊन गेले. मला तिचा इतका अभिमान वाटला की ह्यांचा दंडच घट्ट धरला. दुखलं असणार.

प्रदर्शन उघडलं तेव्हा माझ्याकडे काजं-बटणं करणाऱ्या मावशी स्वतःच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या. आधी फोटोतल्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

"हा माझाच रंग आहे," त्या म्हणाल्या. "फोटोत कधी आला नव्हता."

"माझ्या लेकीने छापलाय," मी म्हणाले. त्यांना ठाऊक होतं, तरी म्हणाले.