विजेला वाट करून देणारी पट्टी

मी एक जुनी तांब्याची पट्टी आहे. दोन फूट लांब, चार इंच रुंद, आणि अंगावर अठरा भोकं. भोकं पडलेली वस्तू कामातून गेली असं तुम्हाला वाटत असेल, तर मित्रांनो, ते आधी डोक्यातून काढून टाका. माझ्या भोकांमध्ये बोल्ट आहेत आणि त्या बोल्टांच्या भरवशावर एका टेकडीवरची सगळी यंत्रं निर्धास्त उभी आहेत.

न्यू जर्सीत पिस्कॅटवेच्या उत्तरेला डोंगरांची एक बुटकी रांग आहे. तिथल्या एका टेकडीवर पाणी पुरवणाऱ्या कंपनीची टाकी आहे. टाकीशेजारी टॉवर आहे आणि टॉवरच्या पायथ्याशी काँक्रीटची एक लहानशी खोली. त्या खोलीच्या भिंतीवर माझा मुक्काम. टॉवर दहा मैलांवरून दिसतो. त्याच्या टोकावरच्या अँटेनाचं तर विचारूच नका, येणारा प्रत्येक माणूस मान वर करून तिचंच कौतुक करतो. मी पडले दाराआडची. पण कोण कोणाच्या जिवावर मिरवतं, ते मी आज सांगणार आहे.

या खोलीत हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचा रिपीटर आहे. हातात मावणाऱ्या रेडिओचा आवाज फार लांब जात नाही. मध्ये एखादी टेकडी आली की संपलाच. रिपीटर तो बारीक आवाज उंचावरून ऐकतो आणि त्याच क्षणी मोठ्यानं पुन्हा बोलतो. मग चाळीस मैलांवरच्या माणसालाही तो स्पष्ट ऐकू जातो. टेलिफोन बंद पडले, वीज गेली, तरी बॅटरीवर हे काम चालू राहतं.

माझ्या आधी इथे जो रिपीटर होता, तो २००१ च्या उन्हाळ्यात टॉवरवर वीज पडून जळाला. खोलीत धूर झाला, टाकीची पातळी मोजणारं कंपनीचं यंत्रही त्यात गेलं. कंपनीनं क्लबला बजावलं, की पुन्हा एकदा असं झालं तर आपलं सामान उचला आणि टेकडी सोडा. आसपास एवढी उंच जागा दुसरी नव्हती. टेकडी गेली की रिपीटर गेला, आणि रिपीटर गेला की क्लबही गेल्यातच जमा.

ही गोष्ट सर्वांत जास्त मनाला लावून घेतली शैलेंद्र निमकरनं. हा मूळचा साताऱ्याचा, पिस्कॅटवेच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्याचे जोडीदार होते वॉल्टर. टेलिफोनच्या खांबांवर तीस वर्षं चढउतर करून निवृत्त झालेले, कमी बोलणारे आणि कोणाचंही काम पटकन पसंत न करणारे. दोघं आपसात इंग्रजीत बोलत, ते मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

२००२ च्या मार्चमध्ये शैलेंद्रनं मला भंगाराच्या दुकानातून आणलं. मी एका कारखान्याच्या विजेच्या पॅनलमधून कापून टाकलेला तुकडा होते. आपल्या गॅरेजमध्ये त्यानं मला घासलं, मोजून मोजून भोकं पाडली. सोळावं भोक जरा तिरकं गेलं तेव्हा तो स्वतःवरच चिडला. मला त्याचं काही वाटलं नाही. भंगारात पडलेल्याला कोणी इतक्या काळजीनं मोजत नाही.

मग मला भिंतीवर बसवलं. अँटेनाची केबल खोलीत शिरली की आधी माझ्याकडे येणार. रिपीटर, बॅटरी, विजेचा पुरवठा, टाकीचं यंत्र, सगळ्यांची अर्थिंगची तार माझ्याकडे येणार. माझ्याकडून तांब्याचा एक रुंद पत्रा भिंतीबाहेर जातो आणि जमिनीत आठ-आठ फूट ठोकलेल्या दांड्यांना भेटतो. लोकांना वाटतं आम्ही वीज अडवतो. छे. विजेला अडवणारा अजून जन्मायचा आहे. आम्ही तिला जमिनीत जायला रुंद आणि सोपी वाट करून देतो.

आणि दुसरं काम याहून महत्त्वाचं. वॉल्टर नवीन लोकांना ते असं समजावत, की एकाच धक्क्याला बांधलेल्या होड्या बघा. पाणी चढलं तर सगळ्या एकदम चढतात, उतरलं तर एकदम उतरतात. म्हणून त्या एकमेकींवर आपटत नाहीत. वीज पडते तेव्हा माझ्याशी बांधलेली सगळी यंत्रं अशीच एकदम चढतात आणि उतरतात. पण एखाद्या होडीचा दोर सैल असला, म्हणजे एखादं टोक माझ्याशी नीट जुळलेलं नसलं, की वीज मधल्या फटीतून यंत्रात शिरते आणि त्याची राख करते.

म्हणून वॉल्टर दर वसंतात पाना घेऊन यायचे आणि माझा एकेक बोल्ट उघडून पाहायचे. पहिल्या तीन वर्षांत टॉवरवर सात वेळा वीज पडली. रिपीटरला खरचटलंसुद्धा नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कची वीज गेली तेव्हा तिकडे अडकलेल्यांचे निरोप याच टेकडीवरून घरोघर पोचले. क्लबच्या पत्रिकेत रिपीटरचा फोटो छापून आला, अँटेनाचाही आला. माझं नाव कुठेही नव्हतं. खरं सांगते, मला ते लागलं.

तोवर मी हिरवट-काळी झाले होते. तांब्याचा तो स्वभावच आहे, त्यानं काम बिघडत नाही. पण २००५ च्या ऑगस्टमध्ये शैलेंद्रची आई, शोभनाताई, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. मुलगा दर शनिवारी कुठे जातो ते पाहायला त्या टेकडीवर आल्या. टॉवर पाहिला, अँटेना पाहिली, आणि खोलीत आल्या तशा माझ्यासमोर थबकल्या.

"शैलू, हे तांबं आहे ना?"

"हो आई. सगळी अर्थिंग हिच्यावर आहे. मेन आहे ही."

"मेन आहे आणि ही दशा? ताम्हण असं ठेवलं असतं तर माझ्या सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नसतं."

पुढच्या शनिवारी त्या तयारीनिशी आल्या. आयसेलिन गावातल्या भारतीय दुकानातून आणलेली चिंच त्यांनी रात्रभर भिजवली होती आणि डबीत मीठ घेतलं होतं. पदर खोचून त्यांनी मला अर्धा तास घासलं. बोल्टांच्या भोवती, तारांच्या टोकांखाली, बोट जाईल तिथे चिंच घातली. मित्रांनो, मी झळाळून उठले. शैलेंद्रची बायको रुपाली कॅमेरा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, तिच्या बाजूला उभ्या राहा, मस्त फोटो येतोय." माझ्या आयुष्यातला तो पहिला फोटो.

निघताना शोभनाताई म्हणाल्या, "आता स्वच्छ पाण्यानं धू आणि कोरडी पूस. मागूनसुद्धा, विसरू नकोस."

"करतो गं, डोंट वरी."

त्यानं माझा दर्शनी भाग ओल्या फडक्यानं पुसला. मागून धुवायचं तर सगळे बोल्ट काढावे लागणार होते. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, उद्या करू म्हणून तो गेला, आणि तो उद्या उगवलाच नाही.

चिंच आणि मीठ माझ्या मागे, बोल्टांच्या आत, तारांच्या टोकांखाली तसंच राहिलं. हवेतला ओलावा त्यात मुरत गेला. हिवाळाभर मला आतून पोखरल्यासारखं वाटत होतं. पण येणारा जाणारा "काय सुंदर आहे" म्हणत होता. मला बोलता येत असतं तरी मी तक्रार केली नसती, हे कबूल करते. कौतुकाची इतकी वर्षं वाट पाहिली होती. त्या वसंतात गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे वॉल्टर टेकडीवर आले नाहीत. शैलेंद्र पाना घेऊन आला, त्यानं माझी चकाकी पाहिली, आणि पाना परत ठेवला. पुढे जूनमध्ये पाण्याच्या कंपनीचा माणूस तपासणीला आला, माझ्याकडे बघून हसला आणि कागदावर सही करून गेला.

त्या २००६ च्या जूनअखेर आठवडाभर पाऊस पडत होता. नदी रस्त्यावर आली. सखल भागातली माणसं एका शाळेत हलवली होती. फोन कधी लागत, कधी लागत नसत, म्हणून वॉल्टर रेडिओ घेऊन शाळेत बसले होते आणि गावाचे सगळे निरोप आमच्या रिपीटरवरून जात होते. शनिवारी दुपारनंतर विजांचं मोठं वादळ येणार असा अंदाज होता. शैलेंद्र बॅटऱ्या तपासायला टेकडीवर आला. बाराच्या सुमारास त्याच्या आईचा फोन आला. साताऱ्यात रात्रीची जेवणं आटपली होती. त्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि हातातलं काम चालू ठेवलं.

"आई, मी साइटवर आहे, बोल."

"पाऊस फार आहे म्हणे तिकडे. माझी पट्टी कशी आहे?"

"एकदम टॉप. इन्स्पेक्टर इम्प्रेस झाला."

"मागून धुतली होतीस ना त्या दिवशी?"

शैलेंद्रचा हात थांबला. मग तो म्हणाला, "हो, धुतली."

"मग काळजी नाही. नाहीतर चिंच-मीठ राहिलं की आतून खातं. ठेवते रे."

फोन बंद झाला. त्यानं माझ्याकडे बघितलं. आईशी आपण खोटं बोललो हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यानं पाना उचलला आणि रेडिओवर वॉल्टरना हाक मारली.

"वॉल्टर, मला रिपीटर बंद करावा लागेल. अर्थिंगची पट्टी उघडतोय."

"आज? आभाळ पाहिलंस?"

"पाहिलं. म्हणूनच. आतून खराब झाली असेल तर पहिल्याच विजेत सगळं जाईल. तपासायची राहिली. चूक माझी आहे."

वॉल्टर म्हणाले, "इथे दीडशे माणसं आहेत. तासभर मी फोनवर भागवतो. दीड वाजता मला मशीन परत हवं."

त्यानं सगळं बंद केलं, टॉवरकडून येणारी केबल सोडवली आणि मला भिंतीवरून उतरवलं. मग मला उलटं करून दिव्याखाली धरलं. माझी पाठ हिरव्या खरपुड्यांनी भरली होती. बाहेर जाणाऱ्या रुंद पत्र्याचं टोक तर बोटानं दाबताच तुटलं. पुढून मी अजूनही ताम्हणासारखी लखलखत होते. मला त्या लखलखाटाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग मात्र त्यानं काम केलं. गाडीतल्या पिण्याच्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या माझ्यावर ओतल्या. तारेच्या ब्रशनं पाठ खरवडली, तारांची टोकं एकेक करून घासली, परत धुतली. फडकं ओलं झालं तेव्हा अंगातला शर्ट काढून त्यानं मला कोरडं केलं. पत्र्याचं कुजलेलं टोक कापून नवीन भोकं पाडली. आता पत्रा आखूड पडला, म्हणून मला भिंतीवर दोन इंच खाली, जरा तिरकं बसवावं लागलं. जोडांना गंज न चढणारा लेप लावला आणि सगळे बोल्ट आवळून झाल्यावर पुन्हा एकदा आवळून पाहिले. पश्चिमेला गडगडायला लागलं होतं. एक पंचवीसला त्यानं केबल जोडली, रिपीटर चालू केला आणि तो गाडीत जाऊन काचा लावून बसला.

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज टॉवरवर पडली. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या एका अंशात ती वरून खाली आली, केबलवरून माझ्यापर्यंत पोचली आणि माझ्या अंगावरून पत्र्यावर, पत्र्यावरून दांड्यांत आणि जमिनीत उतरली. मी तिला एका जागीही अडू दिलं नाही. सगळी यंत्रं माझ्याबरोबर चढली, माझ्याबरोबर उतरली. खोली हादरली, पण धूर नाही, ठिणगी नाही. मग शांततेत रिपीटरचा दिवा लागला आणि वॉल्टरचा आवाज आला.

"शैलेंद्र, आहेस का?"

गाडीतून उत्तर गेलं, "आहे. सगळं आहे."

"मग ऐक. इथल्या एका आजींचा ऑक्सिजन संपत आलाय. पूल पाण्याखाली आहे. अँब्युलन्सला वरच्या रस्त्यानं यायला सांग."

तो निरोप रिपीटरवरून, माझ्यासमोर गेला. पावणेतीनला सिलिंडर पोचल्याचा निरोपही माझ्यासमोरच आला. त्या आजींना मी पाहिलेलं नाही, त्यांना माझं नावही माहीत नाही. तरीही त्या दिवसाइतका अभिमान मला फोटोच्या दिवशी वाटला नव्हता.

पुढच्या शनिवारी शैलेंद्रनं खोलीतूनच साताऱ्याला फोन लावला.

"आई, मी तुला खोटं सांगितलं होतं. धुतली नव्हती. तू विचारलंस म्हणून उघडली."

"तुझ्या आवाजावरून वाटलंच होतं मला. पण माझीही चूक झाली रे. देवाच्या भांड्याला मागची बाजू मोकळी असते. ही भिंतीला बांधलेली, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आता कशी आहे?"

"मागून एकदम क्लीन. पुढून काळी पडायला लागलीय. पुसू का?"

"पडू दे काळी," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"

आता २००८ साल चालू आहे. मी काळी आहे, तिरकी आहे, आणि त्या दिवसापासून टॉवरवर अकरा विजा पडल्या आहेत. रिपीटर तोच आहे, टेकडीही क्लबकडेच आहे. दर एप्रिलमध्ये वॉल्टर आणि शैलेंद्र माझा एकेक बोल्ट सोडवून मागे बघतात. नवीन सभासद अँटेनाकडे बघत येतात आणि तिच्याकडेच बघत जातात. बघोत बापडे.

मित्रांनो, तुमच्या घरीही असं काहीतरी असेल, ज्याच्याबद्दल कोणी विचारलं की तुम्ही ते न करताच झटकन "हो, केलं" म्हणून टाकता. तसं म्हणून झालं असेल तर माझं एवढंच मागणं आहे. उठा आणि ते करून या. शैलेंद्रच्या हातात एक तास होता. तेवढा तास मिळेलच असं नाही.