नंदसेनचा डावा कान

सिंगापूरमधल्या तुआसच्या गोदीत पोलाद घासणाऱ्या नंदसेनला चार हजार हर्ट्‌झचा आवाज उजव्या कानाने पंधरा डेसिबलला ऐकू येत होता आणि डाव्या कानाने थेट सत्तर डेसिबलला; म्हणजे डावा कान बराचसा गेलेला होता.

गोदीच्या दवाखान्यात कामगारांचे कान तपासणे हे माझे काम; चाचणी मी तीन वेगवेगळ्या दिवशी घेतली. आकडे बदलले नाहीत. गोंगाटाने कान जातात तेव्हा साधारणपणे दोन्ही जातात, आणि नंदसेनच्या कामाच्या जागी आवाज चारही बाजूंनी येत होता. भरतीच्या वेळच्या एजंटच्या कागदावर कानांपुढे ‘ठीक’ एवढाच शब्द होता.

कंपनीचा नियम सरळ होता. नुकसान गोदीत झालेले असेल तर माणसाला गोदामात शांत काम; आधीचे असेल तर परमिट रद्द आणि पुढच्या आठवड्याचे कोलंबोचे विमान. नियम नंदसेनला ठाऊक होता.

“श्रीलंकेच्या सैन्यात होता ना तो?” आमचे व्यवस्थापक पद्माकर म्हणाले. “दस्ता उजव्या खांद्याला, म्हणजे डावा कान नळीकडे. रायफल लिही आणि मिटव.”

“तो डावखुरा आहे. सही डाव्या हाताने करतो.”

“सैन्यात सगळ्यांना उजव्यानेच शिकवतात. सुचित्रा, वन-नॉर्थच्या संशोधन केंद्रात शोध लावायचीस ते ठीक होतं. इथे फॉर्म भरायचे असतात.”

त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, फक्त तपासलेला नव्हता. मी नंदसेनला बोलावले. तो माझ्या उजव्या हाताला, भिंतीकडे डावा कान करून बसला.

“बंदूक लिहू नका, मॅडम,” तो म्हणाला. “प्रशिक्षणानंतर मी एकही गोळी झाडली नाही. छावणीत स्वयंपाकी होतो. साठ माणसांचा भात.”

मी इथेच थांबले असते, तर लिहायला गोदीखेरीज कारण उरले नसते. मी पुढचा प्रश्न विचारला.

“स्वयंपाकाचा तंबू कुठे होता?”

“उखळी तोफेच्या मागे. तीस पावलं. तोफवाल्यांना गरम जेवण जवळ हवं असायचं.”

“रोज?”

“अकरा महिने. दिवसाला चाळीस गोळे, कधी साठ. चहाच्या आधी, चहाच्या नंतर. मेणात बुडवलेले कापसाचे बोळे मिळायचे.”

“मग दोन्ही कान वाचायला हवे होते.”

तो थोडा हसला. “दोन्ही बंद केले तर भात कसा कळणार? प्रत्येक गोळ्याबरोबर तंबूतून वाळू पडायची. झाकण काढलं की भातात वाळू. म्हणून झाकणावर दगड ठेवायचा आणि ऐकायचं. खदखद थांबली, चरचर सुरू झाली की जाळ ओढायचा. एक क्षण उशीर झाला की करपला.”

“करपला असता तर?”

“माझ्या आधीच्याचा दोनदा करपला. त्याला पुढच्या खंदकात पाठवलं.”

“मग?”

“मग स्वयंपाकी मी झालो.”

गोळे कुठे पडत होते, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. निदानासाठी ते लागत नव्हते.

“हे लिहिलं तर तुम्हाला परत जावं लागेल,” मी म्हणाले.

“हो. मला वाटलं, तुम्ही थांबाल.” तो उठला. “पण बंदूक नाही ना लिहिणार?”

“नाही.”

संध्याकाळी मी फॉर्म पूर्ण करून सही केली. पद्माकरांनी तो न वाचता पुढे पाठवला. कारणाच्या रकान्यात असे होते:

गोदीतील कामाशी संबंध नाही. २००८–०९ मध्ये तीस पावलांवरील उखळी तोफेचा मारा, रोज चाळीस ते साठ वेळा, अकरा महिने. उजव्या कानात मेणाचा बोळा होता. डावा कान भात ऐकण्यासाठी उघडा ठेवला होता.