पुढे थांबू

आमच्या गाडीला मागची खोली जोडणारी दांडी कळे गाव ओलांडताना हातभर वाढली. मी आरशात पाहिलं आणि गाडी चालवत राहिलो. दांडी लोखंडाची होती, नवीकोरी. तरी वाढली.

खोली म्हणजे दोन चाकांवरचं फायबरचं घर. हलकं, आमच्या चिमुकल्या गाडीलाही ओढायला झेपेल असं. आत पलंग, शेगडी, आणि माझ्या बायकोनं, मालिनीनं, स्वतः झालर लावलेले पडदे. रिटायर झाल्यावर दोघांनी कोकणात भटकायचं, असा आमचा बेत. कोल्हापूर सुटलं तशी आतली भांडी वाजायला लागली. डोकं उठलं माझं. मीच तिला म्हटलं, "जरा मागे जाऊन बस ना डबे धरून." गेली बिचारी.

कळ्याला गुऱ्हाळ दिसलं. तिनं खोलीच्या खिडकीतून हाक मारली, "अहो, थांबा की जरा! मी पुढे येऊन बसते."

"पुढे थांबू!" मी ओरडलो. तेव्हाच ती दांडी वाढली.

देवळापाशी पुन्हा तेच. चहाच्या टपरीपाशी पुन्हा तेच. ती हाक मारायची, मी "पुढे थांबू" म्हणायचो, आणि दांडी वाढायची. आता माझं काय चुकत होतं, सांगा? गाडी मस्त लयीत चढत होती. मागे ओझं असताना चढावर थांबलं की पुन्हा निघताना क्लच जळतो. कुणालाही पटेल. हिलाच पटत नव्हतं.

खोली आरशात काडेपेटीएवढी झाली आणि मग दिसेनाशी झाली. आम्ही फोनवर बोलायला लागलो.

"कुठवर आलीस?"

"गुऱ्हाळ आत्ता लागतंय."

"मग रस पिऊन घे ना."

"कशी पिऊ? ओढताय तुम्ही."

एक मोटारसायकलवाला शेजारी आला. "ओ काका, ही दांडी तुमचीच न्हवं? आमच्या गल्लीतनं गेलीया."

"मग?"

"बायकांनी धुणं वाळत घातलंय तिच्यावर. जरा सावकाश घ्या."

मी मान हलवली आणि वेग होता तोच ठेवला.

गगनबावड्याला माझ्या काचेवर कडक ऊन होतं. फोनवर मालिनी म्हणाली, "इथे थंडी पडलीय हो. तुमच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता."

"बरं केलंस."

"विणून झाला. कसरही लागली त्याला."

मला वाईट वाटलं. विचारलं, "डबे धरलेयस ना नीट?"

"भांडी वाजायची केव्हाच थांबली, अहो. तुम्ही विचारलंच नाहीत."

काय मेलं जात होतं माझं कळ्याला थांबलो असतो तर! रसाचे दोन पेले, आणि ती शेजारी येऊन बसली असती, पाय वर घेऊन, नेहमीसारखी. मी म्हणालो, "मालिनी, थांबतो गं. आत्ता थांबतो." आणि ब्रेक दाबला.

घाटाचा उतार लागला होता. गाडी थांबेना. मागून दांडी रेटत होती, सगळ्या गावांतून आलेली, सगळ्या लांबीनिशी. मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. गाडी तशीच उतरत राहिली. वळणावर खाली पाहिलं, तर दांडी डोंगराला वळसा घालून माझ्याही पुढे गेलेली.

पुढचं वळण घेतलं आणि समोर आमची खोली होती. तेच पडदे, तीच झालर, ऊन खाऊन विटलेली. माझ्या पुढे ती आरामात चालली होती. मागच्या काचेतून मालिनीची पाठमोरी मान दिसली. केस पांढरे झाले होते.

मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. फोन कानाशीच होता. "मालिनी, अगं मागे बघ! मी आलोय!"

"एक मिनिट हं," ती फोनवर म्हणाली. "मागे कुणीतरी फार घाईत दिसतंय."

खिडकी उघडली. तिचा हात बाहेर आला, बांगड्या कोपराकडे घसरल्या, आणि मागे वळूनही न बघता तिनं मला साइड दिली: जा, जा पुढे.